सतराव्या शतकातील खानदेश आणि परदेशी वखारकर : लाच, लूट व अनिश्चिततेतील वास्तव्य

प्रस्तावना

परक्या मुलखात वास्तव्य करणाऱ्या माणसाचे तेथील राज्यकारभाराशी असलेले नाते स्थानिक रहिवाशाच्या नात्याहून मुळातच वेगळे असते. त्याला तेथे वतन नसते, गोत नसते आणि पंचांसमोर उभे राहून दाद मागण्याचा परंपरागत अधिकारही नसतो. मात्र अधिकाऱ्याची मर्जी, जकातीचे नाके, असुरक्षित रस्ते व बाजारभावातील चढउतार यांचा उपद्रव त्याला इतरांइतकाच, क्वचित अधिकही, सोसावा लागतो. खानदेशाच्या इतिहासात या अवस्थेचे ठळक उदाहरण सतराव्या शतकातील इंग्रज व्यापारी व प्रवासी यांच्या रूपाने आढळते. आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे १६७४ साली इंग्रजांची वखार होती. दुसऱ्याच वर्षी ती लुटली गेली. या वखारीचा उल्लेख खानदेशाच्या १८८० सालच्या गॅझेटियरमध्ये अवघ्या एक-दोन ओळींत येतो आणि स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांत तो तसाच उतरवून घेतला जातो.

या परदेशी रहिवाशांनी लिहून ठेवलेली पत्रे, रोजनिश्या व प्रवासवर्णने ही त्या काळच्या खानदेशातील लाचलुचपत व आर्थिक अस्थिरता यांविषयीची महत्त्वाची साधने होत. परंतु ती लिहिणारे या व्यवहारात केवळ साक्षीदार नव्हते. लाच देणे, तिचा खर्च किमतीत मिळवणे आणि परिस्थिती असह्य झाल्यास दुसरीकडे जाणे हे तीनही मार्ग त्यांना मोकळे होते. विणकर व कुणबी यांना ते जवळजवळ बंद होते. या साधनांचे वाचन करताना हा भेद दृष्टीआड होतो. प्रस्तुत लेखात तोच स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सुरत-बुऱ्हाणपूर मार्ग

मोगल काळातील खानदेश हा प्रामुख्याने एका रस्त्याचा प्रदेश होता. सुरतेहून निघालेला माल नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या क्रमाने तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपुरास जाई व तेथून पुढे आग्र्याकडे वळे. दुसरा फाटा नवापुराहून पिंपळनेरमार्गे बागलाणातून औरंगाबादकडे जात असे. फ्रेंच रत्नव्यापारी टॅव्हर्निए याने या वाटेवरील मुक्कामांची यादीच दिली आहे. नवापूरच्या बारीक दाण्याच्या सुवासिक तांदळाचे त्याने कौतुक केले आहे आणि बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असल्याचे नोंदविले आहे. बुऱ्हाणपूर हे सुभ्याचे मुख्य ठाणे होते. ते आज मध्य प्रदेशात असल्यामुळे आपल्या अभ्यासक्रमांतून ते निसटते. तथापि त्यास वगळून धुळे-जळगावचा मध्ययुगीन इतिहास लिहिताच येत नाही.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये याच मार्गाने बुऱ्हाणपुरास पोहोचला. वाटेतील मुलूख त्याला ओसाड व दरिद्री वाटला. गावे मातीची असून विसावा घेण्याजोगे एकही घर नसल्याची त्याची तक्रार आहे. बुऱ्हाणपुरास जहांगीराचा पुत्र शहजादा परवेझ सुभेदार होता. दरबारात जमिनीस मस्तक लावण्यास रो याने नकार दिला, बसावयास खुर्ची मागितली आणि अखेर खांबाला टेकून उभे राहण्याची सवलत मिळविली. त्याने नजर केलेल्या वस्तूंत मद्याच्या बाटल्यांची पेटीही होती. नंतर ठरलेली खासगी भेट त्याच पेटीमुळे होऊ शकली नाही, असे रो लिहितो. प्रसंग गमतीचा आहे. पण त्याच भेटीतून बुऱ्हाणपुरास वखार घालण्याची परवानगी मिळाली, ही बाब व्यापाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होती.

नजर, पेशकश आणि लाच

येथे एक संकल्पनात्मक अडचण उपस्थित होते. परदेशी लेखक ज्यास सरसकट लाच म्हणतात, त्यात किमान तीन वेगळे व्यवहार मिसळलेले असतात. वरिष्ठास भेटताना द्यावयाची नजर हा दरबारी शिष्टाचाराचा भाग होता. ती उघडपणे दिली जाई आणि मोबदल्यात खिलतही मिळे. पेशकश ही अधीनतेची किंवा नेमणुकीची खूण होती. दस्तक लवकर मिळावे, गाठोडी न उघडता नाका ओलांडता यावा, जकातीसाठी मालाची किंमत कमी धरली जावी यांसाठी आडून दिला जाणारा पैसा मात्र निखालस लाच होता. रो यास हा भेद कळत नव्हता असे नाही. सुरतेच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या लोकांच्या पेट्या उघडून मनास येईल ते उचलले, तेव्हा तो संतापला. परंतु पुढे बादशहाचा मेहुणा आसफखान याची मर्जी संपादन करण्यासाठी मौल्यवान मोती स्वस्तात देण्यास तोच तयार झाला.

अधिकारी असे का वागत, याचे उत्तर त्यांच्या नीतिमत्तेपेक्षा त्यांच्या नेमणुकीच्या स्वरूपात शोधणे अधिक योग्य ठरेल. मोगल जहागीरदाराची जहागीर साधारणतः तीन-चार वर्षांनी बदलत असे. सुरतेच्या बंदराचा मुत्सद्दी अनेकदा बंदराचे उत्पन्न इजाऱ्याने घेई, म्हणजे ठरलेली रक्कम सरकारात भरण्याची हमी देऊन वरचे उत्पन्न स्वतःकडे ठेवी. हुकूम केव्हा येईल आणि जागा केव्हा जाईल याची शाश्वती नसल्यामुळे हाती असलेल्या मुदतीत मिळेल तेवढे काढून घेणे हाच त्याचा व्यवहारधर्म होऊन बसला. फ्रेंच वैद्य बर्निए शाहजहानच्या अखेरीपासून औरंगजेबाच्या आरंभीच्या वर्षांपर्यंत हिंदुस्थानात राहिला. त्याने नेमके हेच कारण दिले आहे : उद्या जी जमीन दुसऱ्याकडे जाणार, तिच्या सुधारणेसाठी आज खर्च कोण करील? बर्निएची खासगी मालमत्तेविषयीची अनुमाने पुढे वादग्रस्त ठरली. पण अस्थिर अधिकारातून पिळवणूक जन्मते, हे त्याचे निरीक्षण खानदेशास चपखल लागू पडते.

राहदारीचे उदाहरण घेता येईल. औरंगजेबाने राज्यावर आल्यानंतर लवकरच राहदारी व इतर अनेक अववाब माफ केले. इतिहासकार खाफीखान मात्र स्पष्ट लिहितो की, हुकूम कागदावर राहिला आणि जहागीरदार व जमीनदार यांनी वसुली चालूच ठेवली. सुरतेस बादशाही फर्मानाने इंग्रजांची जकात १६६७ साली दोन टक्क्यांवर आणली गेली होती. १६८० साली ती साडेतीन टक्के झाली. ही टक्केवारी पाहून सुरतेचा व्यापार स्वस्त होता असे वाटते. परंतु फर्मानातील सवलत बंदरावर मिळे आणि खर्च रस्त्यावर होई. प्रत्येक ठाण्यावर कोणाला किती द्यावयाचे, ते फर्मानात लिहिलेले नसे.

दुष्काळातील रस्ता : १६३०

नोव्हेंबर १६३० मध्ये पीटर मंडी हा कंपनीचा नोकर सुरतेहून आग्र्याकडे निघाला. गुजरात, खानदेश व दख्खन यांवर कोसळलेल्या भीषण दुष्काळाचे ते पहिले वर्ष होते. नंदुरबारपर्यंतच्या वाटेवर त्याला प्रेतांचे खच, माणसांनी टाकून दिलेली गावे आणि मुले विकावयास निघालेले आईबाप दिसले. बुऱ्हाणपुरास मात्र त्याने भरलेला बाजार पाहिला, कारण शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी तेथे मुक्काम करून होता आणि चोहीकडचा पुरवठा बादशाही छावणीकडे वळविण्यात आला होता. मंडी हे कोणत्याही टीकेवाचून नोंदवितो. जून १६३१ मध्ये मुमताजमहलचा मृत्यू झाला, तो याच छावणीत.

दरबारी इतिहासकार लाहोरी याने बादशहाच्या औदार्याची नोंद केली आहे. लंगर उघडले गेले, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये वाटले गेले आणि वीस सोमवारांत ही रक्कम एक लाख झाली. साऱ्यातही सूट मिळाली. दोन्ही नोंदी खऱ्या मानल्या तरी त्यांत विसंगती नाही. धान्य लष्कराकडे वळविणारी आणि मग त्याच शहरात लंगर उघडणारी सत्ता एकच होती.

परदेशी रहिवाशांनाही या दुष्काळाची झळ लागली. सुरतेच्या वखारीतील कित्येक इंग्रज मरण पावले आणि त्यांत अध्यक्षही होता. पण पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. विणकर मेल्यामुळे व पांगल्यामुळे कापड मिळेनासे झाले, तेव्हा कंपनीने आपली खरेदी कोरोमंडल किनाऱ्याकडे अधिक वळविली आणि १६३५ साली सिंधमध्ये ठठ्ठा येथे वखार काढली. भांडवल जहाजातून दुसऱ्या किनाऱ्यास गेले. माग, विहीर व शेत तेथेच राहिले.

धरणगावची वखार

तापीच्या दक्षिणेस धरणगाव व उत्तरेस चोपडा या पेठा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशातील अत्यंत भरभराटीच्या पेठांपैकी होत्या. सुरतेत बसून कापड खरेदी करावयाचे तर प्रत्येक टप्प्यावर दलाल आणि व्यापारी यांची साखळी उभी असे. विणकराच्या गावी माणूस ठेवला तर दलालीचा काही भाग वाचे आणि मालाची प्रत आधी पाहता येई. व्यवहार आगाऊ रकमेवर चाले. दलालामार्फत विणकरास सुतासाठी व पोटासाठी पैसा द्यावयाचा आणि ठरलेल्या मापाचे कापड ठरलेल्या मुदतीत घ्यावयाचे, अशी ही पद्धत. एकदा आगाऊ रक्कम घेतली की विणकर त्या गिऱ्हाइकास बांधला जाई. वखारीचा सर्व किरकोळ खर्च, त्यात अधिकाऱ्यांच्या भेटीही आल्या, कापडाच्या किमतीतून व नफ्यातून भरून काढणे वखारकरास भाग होते. लंडनला भाव वाढवून मिळेलच याची खात्री नव्हती. गावात भाव पाडणे तुलनेने सोपे होते. भेटींचा भार शेवटी कोणाच्या अंगावर पडला असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

वखारकर स्वतः निष्कलंक होते असेही नाही. कंपनीच्या कनिष्ठ लेखनिकाचा पगार वर्षाला १० पौंड होता. एवढ्यावर कोणी सात समुद्र ओलांडून येत नाही. खासगी व्यापार हीच त्यांची खरी मिळकत होती. कंपनी त्यावर वारंवार निर्बंध घाली आणि ते वारंवार मोडले जात. मोगल अंमलदारास लाचखाऊ म्हणणारे पत्र आणि त्याच मुक्कामी स्वतःच्या खात्यावर केलेली खरेदी यांत लिहिणाऱ्यास काही विपरीत वाटत नसे. अल्प वेतन, दूरचा धनी आणि अनिश्चित मुदत या तिन्ही गोष्टी मोगल मुत्सद्द्याप्रमाणे वखारकराच्याही वाट्यास आल्या होत्या, आणि दोघांचे वर्तनही फारसे वेगळे झाले नाही!

धरणगावची वखार ज्या वर्षी आढळते, ते १६७४ हे वर्ष लक्षणीय आहे. याच वर्षी जून महिन्यात शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर नजराणा घेऊन उपस्थित होता. राजापूरच्या वखारीच्या नुकसानीबद्दल भरपाईची बोलणीही त्याच सुमारास झाली. त्या राजापूर प्रकरणाचे मूळ विसरता कामा नये. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरास दारूगोळा पुरविला आणि स्वतःचे निशाण लावून गडावर मारा केला. परिणामी पुढच्या वर्षी त्यांची वखार लुटली गेली व हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेत पडले. व्यापारी म्हणून संरक्षण मागावयाचे आणि संधी मिळताच युद्धात भाग घ्यावयाचा, हे धोरण महाराजांनी ओळखले होते.

अशा रीतीने कंपनी एकीकडे रायगडाशी तह करीत होती आणि दुसरीकडे मोगलांच्या मुलखात, मोगलांच्या परवान्यावर धरणगावी दुकान मांडून बसली होती. मराठ्यांच्या दृष्टीने धरणगाव ही शत्रूच्या मुलखातील श्रीमंत पेठ होती. १६७५ साली मराठी फौजेने ती लुटली, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचाही बचाव झाला नाही. कंपनीने भरपाईचा तगादा लावला. १६७९ साली धरणगाव व चोपडा पुन्हा लुटले गेले. १६८५ साली संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत धरणगाव लुटून जाळण्यात आल्याची गॅझेटियरची नोंद आहे.

चौथाईची पावती

याच काळात खानदेशातील गावकऱ्यांनी काय केले, याची नोंद इंग्रजी साधनांत तुटक येते. डिसेंबर १६७० मध्ये प्रतापराव गुजर खानदेशात उतरले, तेव्हा गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडून सरकारी वसुलाचा चौथा हिस्सा देण्याचे लेखी करार घेण्यात आल्याचे ग्रँट डफ सांगतो. करार पाळणाऱ्या गावास पावती मिळे व ती दाखविली की लूट टळे. मोगल प्रदेशात चौथाई बसविण्याचा हा आरंभीचा प्रसंग मानला जातो.

या पावतीकडे गावाच्या बाजूने पाहिले पाहिजे. मोगलांचा वसूल चुकत नव्हता. त्यावर आता चौथाई आली. दोन्ही सत्तांना देऊनही एखादा सरदार पावती मानील की नाही, हे त्या क्षणीच ठरावयाचे. तरीही पाटलांनी ती घेतली, कारण घर, शेत व मानपान सोडून जाणे शक्य नव्हते. इंग्रज वखारकर ज्याला कौल म्हणून मागत होता, तेच संरक्षण गाव रोख रकमेने विकत घेत होते. फरक इतकाच की, इंग्रजाचा कौल मोडला तर त्याची तक्रार सुरत, मुंबई व लंडन येथे नोंदली जाई. गावाची पावती मोडली तर तक्रार गावच्या चावडीपलीकडे जात नसे.

एदलाबादची वाट

लाच ही केवळ जकातनाक्यावरची बाब नव्हती, याचे सर्वांत बोलके उदाहरण १६८१ सालच्या आरंभीचे आहे. मराठी फौजेने बुऱ्हाणपूरच्या बहादूरपुरा व इतर पुऱ्यांवर अचानक छापा घातला आणि तीन दिवस लूट केली. सुभेदाराचा नायब काकरखान याच्याजवळ त्या वेळी जेमतेम काही शे माणसे होती आणि तो जिझियाच्या वसुलीत गुंतला होता. दख्खनचा सुभेदार खानजहान बहादूर औरंगाबादेहून दौडत अजिंठ्याजवळच्या फर्दापूर घाटापर्यंत आला. तेथून धरणगाव-चोपड्याची वाट धरली असती तर परतणाऱ्या फौजेस अडविणे शक्य होते. खाफीखानाच्या म्हणण्याप्रमाणे तो तेथे रेंगाळला आणि हेरांच्या बातम्यांविरुद्ध उजवीकडे एदलाबादेस वळला. त्यास संभाजी महाराजांच्या वकिलाने पैसा चारल्याची बोलवा उठली. दरम्यान लुटीसह मराठी फौज चोपड्यावरून साल्हेरकडे निघून गेली. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की या आरोपाचे गांभीर्य ध्यानात येते, कारण दोन्ही वाटा विरुद्ध दिशांना जातात.

खाफीखानाने हे अनेक वर्षांनंतर लिहिले आहे. छाप्याचे नेतृत्व तो संभाजी महाराजांकडे देतो, तर प्रत्यक्षात ते हंबीरराव मोहित्यांकडे होते असे इतर साधनांवरून मानले जाते. त्यामुळे लाचेचा आरोप सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. परंतु लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, ही गोष्ट स्वतंत्रपणे महत्त्वाची आहे. बुऱ्हाणपूरच्या प्रतिष्ठितांनी व उलेमांनी बादशहास कळविले की, जीवित व वित्त यांचे रक्षण होत नसेल तर शुक्रवारची नमाज बंद करावी लागेल. राज्यकर्त्याच्या नावाचा खुत्बा त्या नमाजेत वाचला जातो, हे लक्षात घेता ही विनंती नव्हती. स्थानिक रहिवाशाजवळही एक हत्यार होते, ते हे. मात्र ते शहरातील वजनदार लोकांनाच उचलता येत होते.

यजमानांची दृष्टी

परदेशी माणसाने यजमान देशाविषयी लिहिलेले विपुल आहे. यजमानाने परदेशी माणसाविषयी लिहिलेले त्या मानाने थोडे. म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे मोल मोठे आहे. सावकार-व्यापारी हे राज्याची शोभा असल्याचे सांगून त्यांना अभय द्यावे, असे आज्ञापत्र म्हणते; परंतु टोपीकरांना त्या वर्गात बसवीत नाही. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, मुलूख मिळविण्याची त्यांची इच्छा आहे, हातात आलेले स्थळ ते सोडत नाहीत, हे त्यात स्वच्छ सांगितले आहे. त्यांना जागा द्यावयाचीच तर ती समुद्रकाठी व खाडीच्या मुखाशी न देता आत, मोठ्या गावालगत, सखल ठिकाणी द्यावी आणि पक्की घरे बांधू देऊ नयेत, अशी सूचना आहे. धरणगावची वखार नकळत या सर्व अटींत बसणारी होती. ती समुद्रापासून दूर होती, पेठेस लागून होती, आणि टिकली नाही.

यजमानांची अशी आणखी साधने मिळण्याची शक्यता खानदेशातच आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि दुसऱ्या वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. शिवकालीन इंग्रजी पत्रव्यवहाराचे संकलन पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली प्रसिद्ध केले. पत्रव्यवहाराची ही इंग्रजी बाजू छापील स्वरूपात सहज मिळते. धरणगाव, चोपडा, एरंडोल येथील सराफांच्या वह्या, जातपंचायतींचे कागद व पाटीलकीची दप्तरे यांचा त्या पत्रव्यवहाराशी महिनेवार मेळ घालणे हे काम पदव्युत्तर विभागातील एखाद्या विद्यार्थ्यास निश्चित देता येईल.

इंग्रज धरणगावास पुन्हा आले ते १८१८ नंतर. कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना तेथे येऊन वसण्यास जमिनी दिल्या. १८२५ पासून भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम बराच काळ धरणगावीच राहिला. पूर्वीचा वखारकर परवाना मागत असे, तेथे आता परवाना देणारा साहेब बसला. १८५२ साली नव्या जमीन मोजणीविरुद्ध सावदा, यावल, एरंडोल या भागांत रयत जमली, तेव्हा सारा कोणत्या दराने बसणार आणि मोजणीदार काय लिहून घेणार ही धास्ती तिच्या मनात होती. तक्रार ऐकून घेणारा अधिकारी इंग्रज होता आणि जमाव पांगविण्यासाठी फौजही त्यानेच बोलावली.